बसणाऱ्याच्या वाट्याला किती

बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं आहेत. हा माणूस विक्षिप्त आहे, असं त्यांतल्या तेवीस बिऱ्हाडांचं भोयरांविषयी एकमत होतं. चोविसावं बिऱ्हाड त्यांचं स्वतःचं, आणि त्यात ते एकटेच राहत. तेविसांत माझंही होतं, हे आधीच सांगून टाकतो. नंतर माझं मत बदललं, पण त्याला पाच वर्षं लागली. मी कुठल्याच गोष्टीत घाई करत नाही.

भोयर मूळचे भंडाऱ्याकडचे. विशीत पुण्यात आले, हडपसरच्या एका कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. इतकी वर्षं पुण्यात काढली तरी बोलण्यातला ‘जी’ गेला नव्हता. पत्नी वारल्या त्याला सहा वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी ज्योती दक्षिणेत, सरकारी अंतराळ संस्थेत इंजिनिअर. तिने त्यांना एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर द्यायला भोयरांनी दीड वर्ष लावलं. त्या दीड वर्षातले भोयर मी जवळून पाहिले.

कारखान्यात त्यांचं काम एकच होतं. गळती तपासणं. व्हॉल्व्ह, नळ्या, जोड जे काही तयार होऊन येई त्यात हवा भरायची, तोंड बंद करायचं आणि दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरला की माल परत, नाही उतरला की कागदावर सही. चौतीस वर्षं त्यांनी हे केलं. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण सवय सुटली नाही. दाढीचा एक जुना ब्रश आणि साबणाच्या पाण्याची लहानशी बाटली कायम त्यांच्या पिशवीत असे. कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावत. बुडबुडा आला नाही, की मग चहा. माझ्या बायकोला सुरुवातीला हा अपमान वाटला. “अहो, ते आपल्या घराची तपासणी करायला येतात का चहाला?” ती म्हणाली होती. दुसऱ्या खेपेला आमच्या नळीवर बुडबुडा आला. त्यानंतर ती त्यांना स्वतःहून बोलवायला लागली.

“थांबा जी, काटा स्थिर होऊ द्या,” हे त्यांचं नेहमीचं वाक्य. निवडणुकीचा निकाल असो, कुणाच्या मुलाचं लग्न ठरलेलं असो, दोन्हीला तेच. कुणी पेढे घेऊन आलं तर पेढा घेत, तोंडात टाकत, आणि म्हणत, “छान झालं जी. पण थांबा, काटा स्थिर होऊ द्या.” अशा माणसाला लोक पेढे द्यायचे बंद करतात. तसं झालंही.

माझी त्यांच्याशी ओळख पाण्यामुळे झाली. इमारतीच्या मीटरचं वाचन रोज लिहायचं काम माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलेलं नाही, मीच घेतलं. ओळख झाली त्या वर्षी मार्चमध्ये पाणी पुरेना. कमिटीत साठ्यांचं म्हणणं, वरूनच कमी येतंय. साठे बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं तिरकस. माझी वही सांगत होती की येतंय तेवढंच येतंय. भोयर बैठकीला सहसा येत नसत. त्या दिवशी आले आणि म्हणाले, “रविवारी दुपारी चार तास सगळे व्हॉल्व्ह बंद करू द्या. मी बसतो.”

“बसता म्हणजे?” साठ्यांनी विचारलं.

“टाकीपाशी.”

“चार तास टाकीत बघून काय दिसणार? स्वतःचं तोंड?”

“ते तर दिसनच जी,” भोयर म्हणाले. “त्याच्या खालची रेघ पाहायची हाय.”

रविवारी त्यांनी जमिनीखालच्या टाकीच्या भिंतीला खडूने रेघ मारली आणि झाकणाजवळ बसून राहिले. पेपर नाही, रेडिओ नाही. मी दर अर्ध्या तासाने खाली जाऊन आलो, ते त्याच जागी. चार तासांनी पाणी रेघेच्या खाली सव्वा इंच गेलेलं होतं. टाकीला तडा होता. दुरुस्ती झाली, पाणी पुरायला लागलं. साठे कमिटीत म्हणाले, “आभार मानायला हवेत भोयरांचे. आमच्यापैकी कुणालाच इतकं रिकामं बसता येत नाही.” भोयर हसले. मला मात्र ते वाक्य घरी येईपर्यंत टोचत राहिलं, कारण ते खरं होतं. पत्नी गेल्यानंतर त्यांच्या दिवसात चार तास काढून ठेवायला काही अडचणच नव्हती.

त्यानंतर दर रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही दोघं मार्केट यार्डात भाजी आणायला जाऊ लागलो. घाऊक भावात घ्यायची आणि वाटून घ्यायची. एकट्या माणसाला पाच किलो कांदा महिनाभर पुरतो, पण वाटणीत त्यांनी कधी चूक होऊ दिली नाही.

आता त्या प्रश्नाकडे येतो.

पेपरात बातम्या येत होत्या की आपल्या देशाचं यान माणसाला घेऊन वर जाणार. बागेतल्या सकाळच्या कट्ट्यावर त्याचीच चर्चा. कट्ट्यावर सगळे माणूस पाठवण्याच्या बाजूचे, अभिमानाने फुललेले. फक्त भोयर विरोधात. साठे मात्र वाटेल त्या बाजूने बोलत.

“आधी गर्दीच्या वेळी गंगाधाम चौक ओलांडून दाखवा म्हणावं,” साठे म्हणाले, “मग अंतराळ.”

भोयर हसले नाहीत. ते म्हणाले, “यंत्र पाठवा ना. यंत्राला का खायला लागते? माणूस सत्तर किलोचा. त्याच्यासाठी हवा, पाणी, जेवण, गरमी, संडास. आन् मग त्याला परत आणा. यंत्र तिथंच सोडून देता येते. सगळा पैसा परत आणण्यात जाते.”

“पण भोयर, यंत्राला खाली उतरल्यावर हार कुठे घालणार?” साठ्यांनी विचारलं. कट्टा हसला.

मी त्या वेळी या खर्चाच्या बाजूने होतो. आजही बहुतेक आहे. घरी जाऊन मी पेपरातला खर्चाचा आकडा घेतला आणि देशाच्या लोकसंख्येने भागला. दोनदा करून पाहिलं. माणशी आला तो आकडा एका साध्या राइसप्लेटपेक्षा कमी होता, आणि तोही काही वर्षांत मिळून. दुसऱ्या दिवशी तो कागद मी भोयरांपुढे ठेवला. म्हटलं, एका जेवणाच्या किमतीत देश एवढं शिकणार असेल, तर महाग कसं?

त्यांनी चष्मा लावून माझा भागाकार तपासला. प्रत्येक पायरीवर बोट फिरवलं.

“बरोबर हाय जी,” ते म्हणाले. “पण हे तुम्ही सगळ्यांत वाटलं. जो बसणार, त्याच्या वाट्याला किती आलं, ते सांगा.”

मी म्हटलं, “त्याच्याही वाट्याला तेवढंच.”

“मंग झालं,” असं म्हणून त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. तो माझ्याकडे अजून आहे. त्यावर चूक काढण्यासारखं काही नाही, आणि तरी तो पुन्हा कुणाला दाखवावासा मला वाटला नाही.

मे महिन्यात ज्योती चार दिवसांसाठी आली. पस्तिशीची, बारीक अंगाची, वडिलांसारखीच बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघणारी. मी आंब्याची पेटी वाटून घ्यायला गेलो होतो, तर तिने चहा पिऊन जा म्हणून बसवून घेतलं. मला उठता येईना आणि पुढचं जे झालं ते ऐकण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

तिची बदली माणूस बसणार त्या कुपीच्या कामावर होत होती. दार बंद झाल्यावर हवा आत राहते की नाही हे तपासणाऱ्या गटात. शेवटच्या कागदावर ज्या सह्या लागतात त्यांत एक तिची असणार होती.

“म्हणजे तेच काम, बाबा,” ती म्हणाली. “तुमचंच. फक्त आत माणूस.”

भोयर आंबे मोजत होते. मोजत राहिले.

“सायकलच्या ट्यूबला बादलीत बुडवून बुडबुडे कसे बघायचे हे मला कुणी शिकवलं?” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “काळेकाका, मी सहा वर्षांची होते, अख्ख्या गल्लीच्या ट्यूबा बघायचे.” मग ती वडिलांकडे वळली. “मी अजून हो म्हटलेलं नाही. दुसरीकडेही जाता येईल, उपग्रहांच्या बाजूला. तुम्ही कट्ट्यावर काय बोलता ते मला माहीत आहे. पेपरातलं नका सांगू. पैशाचं नका सांगू. मी सही करायची की नाही, तेवढं सांगा. तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार.”

“बावीस,” भोयर म्हणाले.

“काय बावीस?”

“आंबे. चोवीस सांगितले होते त्यानं.”

ज्योती उठून आत गेली. मी अकरा आंबे घेऊन घरी आलो. निघायच्या दिवशी टॅक्सीत बसताना ती त्यांना म्हणाली, “बाबा, मी वाट बघते.” ते म्हणाले, “पोहोचली की फोन कर.”

तिने तेव्हा बदली घेतली. काम मोठं होतं, सहीची वेळ यायला अजून अवकाश होता. पण प्रश्न तिने मागे घेतला नव्हता. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येई. गोळ्या घेतल्या का, जेवलात का, इतपत बोलणं. दोन मिनिटांत संपायचं. तिने पुन्हा विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. माझ्याजवळ मात्र कधीकधी म्हणायचे, “पोरीला एक सांगायचं राहिलं हाय.” मी म्हणायचो, सांगून टाका. मग ते भाजीवर बोलत.

पुढच्या थंडीत मी एकदा सरळ विचारलं. दुपारची वेळ होती, त्यांच्या गॅलरीत ऊन होतं. म्हटलं, “भोयर, तुमचा विरोध पैशाला नाही. पैशाचं तुम्ही कधीच बोलत नाही, फक्त कट्ट्यावर बोलता. तुम्हाला कांदा दोन रुपयांनी महाग पडला तरी चालतो.”

मग त्यांनी दोन्ही तळहात पुढे धरले, जसं काही त्यात काहीतरी ठेवलेलं आहे.

“असंच थंडीचं होतं,” ते म्हणाले. “शिकंजा दुरुस्तीला गेला होता. व्हॉल्व्ह शिकंज्यात धरून तपासायचा असते, हातात धरायचा नसते. पण माल जायचा होता. वर जाणाऱ्या यानाचा माल. मी हातात धरून बसलो. वीस मिनिटं. काटा हललाच नाही. केसभरसुद्धा नाही. मी सही केली.”

“मग?”

“सायकलवर घरी चाललो होतो. सिग्नलला थांबलो. हात खिशात घातले, आन् डोक्यात आलं. तितक्या थंडीत काटा केसभर तरी हलतेच. हलला नाही, कारण माझ्या हातची गरमी आत गेली. आतली हवा तापली, दाब वाढला. जेवढी हवा गळली असंन, तेवढी माझ्या हातानं झाकली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते कारखान्यात गेले, पण माल रात्रीच रवाना झाला होता. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, तिकडे पुन्हा तपासतात, तुम्ही शांत बसा. लेखी द्यायला निघाले तर साहेबांनी कागद घेतला नाही.

“कोणत्या यानात गेला, लागला का नाही, काहीच कळलं नाही जी. गळत होता का, हेही नाही माहीत. चांगलाही असंन. पुढं दोन वर्षं जे यान उडलं, ते मी उभ्यानं पाहिलं. सगळी नीट गेली. आन् सगळी रिकामी होती.” मग म्हणाले, “रिकामी होती, म्हणून मी झोपलो.”

हे त्यांनी पत्नीला सांगितलं नव्हतं. ज्योतीला तर नाहीच. वडिलांच्या हाताने कधी चूक झाली नाही, यावरच ती मोठी झालेली.

“तिला नको म्हणून सांगितलं,” ते म्हणाले, “तर ती सोडून देईल. मग का बरं, ते नाही सांगता येत. आन् हो म्हटलं, तर उद्या कोणी तरी आत बसते.”

मी म्हटलं, “जे मला सांगितलंत ते तिला सांगा. ठरवू दे तिला.” मी एवढंच म्हटलं. यापेक्षा शहाणं काही सुचलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर नऊ-दहा महिने गेले. कट्ट्यावर ते यानाच्या विषयात बोलेनासे झाले. साठ्यांनी दोनदा काडी घातली, “काय भोयर, परतीचं भाडं परवडायला लागलं वाटतं?” हळूहळू कट्ट्यावर येणंच थांबलं. सकाळी ते एकटे उलट्या दिशेने बागेला फेरी मारत. रविवारची भाजी मात्र चालू होती.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमधल्या एका रविवारी मी नेहमीप्रमाणे आठला पिशव्या घेऊन खाली उभा होतो. भोयर खाली आले नाहीत. पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वर पाहिलं तर पहिल्या मजल्यावर गॅलरीत ते फोन कानाला लावून उभे. मी घड्याळ पाहिलं, आठ वाजून दहा. हाक मारली नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत होते. सव्वाआठ, आठ वीस. आठ पंचविसाला त्यांनी फोन खाली घेतला, मला पाहिलं, आणि हातानेच खूण केली, तुम्ही व्हा पुढे. मी गेलो. त्यांच्या वाटणीची मेथी आणि टोमॅटो दुपारी बायकोने नेऊन दिले. दार उघडलं तेव्हा नीट होते, म्हणाली.

गुरुवारी पहाटे झोपेतच गेले.

ज्योती आली, दहा दिवस राहिली. घर आवरताना तिने मला बोलावलं आणि स्वतःच सांगितलं.

“काका, त्या रविवारी सकाळी बाबांनी मला फोन केला. त्यांनी स्वतःहून. मी घाबरलेच. त्यांनी ते थंडीतलं सगळं सांगितलं. तुम्हाला माहीत होतं म्हणे.”

मी मान डोलावली.

“मी म्हटलं, बाबा, आमच्याकडे वस्तूला हात लावला की तास झाल्याशिवाय मोजायचं नाही, असा नियमच आहे. मी लागायच्या आधीपासूनचा. तर ते म्हणाले, कोणी लिहिला? मी म्हटलं, माहीत नाही, खूप जुना आहे. मग म्हणाले, म्हणजे माझ्यासारखा अजून एक होता कोणी तरी.”

तिने एक भांडं कागदात गुंडाळलं, पुन्हा सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“मग मी विचारलं, सही करू का. तर म्हणाले, जो बसणार त्याला भेटली का तू? मी म्हटलं, लांबून पाहिलंय, बैठकीत. म्हणाले, त्याला एकदा घरी जेवायला बोलाव. घरी कोण कोण आहे विचार. मुलं किती, आई आहे का. पोटभर वाढ. मग कर सही.”

“बोलावलंस?”

“पुढच्या महिन्यात येतायत. चौघं आहेत ते, आणि घरची माणसं. बाबांना पुढच्याच रविवारच्या फोनवर सांगणार होते.” मग स्वतःला समजावल्यासारखं म्हणाली, “चार मिनिटांचा फोन, काका. मी नंतर बघितलं. आठ दहा ते आठ चौदा. एवढ्यात सगळं बोलले. रविवार असूनही मला कामावर निघायचं होतं, मीच घाईत ठेवला. म्हटलं, संध्याकाळी बोलू. संध्याकाळी ते नेहमीसारखेच, दोन मिनिटं, जेवलो म्हणाले.”

आकडे माझ्या लक्षात राहतात, आणि वजाबाकी करायला मला कागद लागत नाही. आठ चौदाला तिने फोन ठेवला होता. त्यानंतर अकरा मिनिटं भोयर बंद झालेला फोन कानाला लावून गॅलरीत उभे होते. तोंड हलत नव्हतं. खालून मला वाटलं होतं, ते ऐकतायत.

ज्योतीला मी चहा घ्यायला वर बोलावलं. त्या अकरा मिनिटांचं तिला सांगितलं नाही.